पोरं किती येणार, सांगा की!

लेकीच्या वाढदिवसाला ट्रॅम्पोलिनचा, म्हणजे उड्या मारायच्या जाळीचा, हॉल ठरवला होता. हॉलवाल्याला दुसरं काही नको होतं, फक्त आकडा. रविवारी दुपारी चार ते साडेसहा, दर मुलामागं, कमीत कमी पंधरा मुलांचे पैसे मोजायचेच, आणि नक्की किती येणार ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं. "एक-दोन वाढली तर बघून घेऊ, पण ऐनवेळी आठ वाढली तर माझ्याकडं मोजेसुद्धा नसतात," असं त्यानं तोंडावर सांगून टाकलं. ट्रॅम्पोलिनवर पाय घसरू नये म्हणून तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे लागतात, ते मुलांच्या मापाप्रमाणे आधी काढून ठेवावे लागतात. शिवाय किती मुलांमागं लक्ष ठेवायला एक ताई, किती ताटं, किती किलोचा केक, जाताना हातात द्यायच्या पिशव्या किती, हे सगळं त्याच आकड्यावर अवलंबून.

लेक पहिलीत आहे, तिचा सातवा वाढदिवस. बायको बँकेत, बदली गडहिंग्लजला. सकाळच्या एस.टी.नं जाते ती दिवे लागल्यावर घरी येते. माझं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत पॅकिंगच्या मालाचं दुकान. त्यामुळं निमंत्रणाचं खातं माझ्याकडं आलं. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपमध्ये माझा नंबर आहे खरा, पण तिथं बोलणाऱ्या सगळ्या आया. आम्ही बाप मंडळी फी भरायची तारीख बघण्यापुरते.

बायकोनं निघता निघता एक गोष्ट बजावली होती, ग्रुपवर टाकायचं नाही. वर्गात चाळीस मुलं, आपण बोलावणार बावीस. बाकीच्यांच्या आयांनी काय ते नुसतं वाचत बसायचं? शेजारच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "अण्णा, मतदान टाका की. येणार, नाही येणार. काम खलास." व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 च्या अखेरीपासून ती सोय आहे आणि नातेवाइकांच्या सहलीला ती बरी. पण तिथं कुणी काय उत्तर दिलं ते सगळ्यांना दिसतं. चार जणींनी ‘नाही’वर बोट ठेवलं की पाचवीला वाटतं, आपणही कशाला जायचं? आणि शाळेत वाटायचं म्हटलं तर बाईंचा नियम साधा आहे : वर्गात पत्रिका द्यायच्या तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. मला तो पटतो. तेव्हा एकेकाला वेगळा मेसेज, ज्याचं मूल त्याच्या नावानं.

मेसेजमध्ये काय लिहायचं यावर मात्र मी दुकानात बसून बराच वेळ घालवला. मोबाइलवर गुलाबी घोड्याचं तयार कार्ड मिळालं, त्यात तारीख आणि पत्ता घातला की झालं. पण त्याच्याखाली मी साध्या भाषेत लिहिलं : "मुलाला सोडून गेलात तरी चालेल, थांबलात तर चहा आहेच. गुरुवारी दुपारपर्यंत एवढं कळवा. येणार का, बरोबर भावंड आहे का, आणि खाण्यात काय चालत नाही." माझं मत असं की, लोक मोघम उत्तर देतात त्याला निम्मं कारण मोघम निमंत्रण असतं. ‘अवश्य यावे’ म्हटल्यावर माणूस ‘अवश्य’ म्हणणार, दुसरं काय म्हणेल?

आई ते वाचून हसायला लागली. "वाढदिवसाला बोलवायचं आन वर येणार का म्हणून इचारायचं? ही कसली रीत?"

तिचं आयुष्य मंगळवार पेठेत गेलं. तिथं आकडा पाहुण्यानं सांगायचाच नसतो, तो बोलावण्यातच असतो. ‘घरटी एक’ म्हटलं की घरातून एकच माणूस येणार. ‘चूलबंद’ म्हटलं की त्या घरची चूल पेटायचीच नाही, तान्ह्यापासून म्हातारीपर्यंत सगळे पंगतीला. सांगणारा दारात उभ्या उभ्या सांगून जायचा आणि किती पायली तांदूळ लागणार ते त्याला आधीच ठाऊक असायचं. लग्नाच्या पत्रिकेत तळाशी ‘किलबिल’ म्हणून पोरांची नावं आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असं छापतात, त्याला कधी कुणी उत्तर दिलंय? माझ्या लहानपणी वाढदिवस म्हणजे आईनं केलेलं औक्षण, बेकरीतला केक, भडंग, सरबत आणि गल्लीत त्या वेळी खेळत असतील तेवढी पोरं. मोठं कार्य असलं तर रस्सा. आणि वीस जणांचा पांढरा रस्सा पंचवीस जणांना पुरवणं हे आमच्या आईला अवघड नाही. ट्रॅम्पोलिनचं तिकीट मात्र पाणी घालून वाढवता येत नाही, एवढंच मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मग घरात करा की." तिचंही चुकत नव्हतं. पण पोरीनं मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्या जाळीत उड्या मारल्या होत्या आणि तेव्हापासून तिला तेच पाहिजे होतं.

मेसेज गेले. पहिल्या तासाभरात फोन सारखा वाजत होता, मला वाटलं, काम झालं. उघडून बघतो तर एकीनं फुगे पाठवलेत, एकीनं केक, दोघींनी ‘हॅपी बर्थडे बेटा’. वाढदिवसाला अजून आठवडा होता. एका बापानं नुसता अंगठा. या अंगठ्याचा अर्थ मी बायकोलाही विचारला. वाचलं? येतो? कार्ड छान आहे? तिला तरी कुठं माहीत. बाकीच्यांच्या नावापुढं दोन निळ्या खुणा आणि शांतता.

मग आली आपली कोल्हापुरी उत्तरं. "बघतो की." "जमवतो की." "यायलाच पाहिजे की." "तुमचं कार्य म्हणजे आमचंच." दुकानात फोनवर येणाऱ्या ऑर्डरी मी दोन वह्यांत लिहितो, एक पक्की, एक कच्ची, आणि कच्च्या वहीवर मी कधी माल मागवत नाही. ही सगळी उत्तरं कच्च्या वहीतली. आपल्याकडं कुणी बोलावलं तर तोंडावर नाही म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून हो म्हणायचं आणि जायचं नाही. त्यामागची माया खोटी नाही, ते मला कळतं. पण जाणार नाही हे बुधवारी ज्याला ठाऊक आहे त्यानं ते बुधवारीच सांगितलं तर यजमान रागावत नाही, उलट सुटतो, हे यजमान झाल्याशिवाय समजत नाही.

या गर्दीत एका आईचं उत्तर आलं. शब्दशः देतो, फक्त नाव काढून : "दादा, बोलावल्याबद्दल आभारी आहे, दोन दिवस घरात हाच विषय चालू आहे. तो एकटाच येईल. चारला सोडते, साडेसहाला न्यायला येते. त्याला शेंगदाणा अजिबात चालत नाही, अंगावर गांधी उठतात आणि ओठ सुजतात. तुम्हाला अडचण असेल तर डबा देऊ का? काही लागलं तर याच नंबरवर फोन करा, मी जवळच असेन."

एवढंच. पण यात मला लागणारं सगळं होतं, आणि नको ते काहीच नव्हतं. मी ते बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ही बाई ऑडिटला पाहिजे."

शेंगदाण्याचं प्रकरण मात्र तिथं संपलं नाही. मेनूत भेळ होती, भडंग होतं, बटाटेवडे होते. कोल्हापुरात शेंगदाणा नाही असा पदार्थ शोधायचा म्हणजे चेष्टा नाही. भेळेत वरून शेंगदाणे, भडंगात शेंगदाणे, सुक्या चटणीत कूट. आचाऱ्याला फोन केला. "कूट नको? मग चवीला काय घालू?" असं त्यानं मला खरोखर विचारलं. मी म्हटलं, एका पोराचं नको, सगळ्यांचंच नको, कारण पोरं एकमेकांच्या ताटात हात घालतात आणि भेळेचा डाव याच्यातून त्याच्यात जातो. मग तेलाचं आठवलं. तो वडे घाण्याच्या शेंगतेलात तळायचा. परत त्या आईला फोन. ती म्हणाली, "तेही नको, दादा." तेव्हा तळणाला सूर्यफूल, कढई नवी, भडंग रद्द करून साधा चिवडा डाळं घालून. हे गुरुवारी कळलं म्हणून झालं. रविवारी दारात कळलं असतं तर त्या पोराला अडीच तास नुसत्या सरबतावर बसवावं लागलं असतं, आणि ती झाली कमीत कमी धोक्याची गोष्ट.

दुसरी एक आई जैन. तिनं बिचारीनं अगदी संकोचत लिहिलं होतं, तुम्ही वेगळं काही करू नका, पण कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, केक अंड्याचा असेल तर मुलगी खाणार नाही, आणि दिवस मावळायच्या आत खाऊन घेते. कोल्हापुरात जैन घरं थोडी नाहीत, त्यामुळं कांदा-लसणाचं मला माहीत होतं. वेळेचं डोक्यात आलं नसतं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, आणि हॉलवाल्याच्या वेळापत्रकात खाणं सहाला होतं. ते पाचला आणलं. केक बिनअंड्याचा सांगितला. आधी खेळ, मग केक, मग परत खेळ, असा क्रम झाला आणि तोच बरा निघाला.

उरलेल्यांना बुधवारी रात्री दुकान बंद करून फोन लावले. इथं मला फोनच बरा वाटतो. मेसेजवर ‘कळवलं नाही’ असं लिहिलं की ते टोचतं. तेच फोनवर "वहिनी, हॉलवाला आकडा मागतोय, तुमचं धरू का नको?" म्हटलं की कुणाला लागत नाही. दोष हॉलवाल्यावर टाकायचा. तो बिचारा असतो कशाला?

फुलेवाडीला एका घरी आजोबांनी फोन उचलला. "येतो की! सगळेच येतो."

"सगळे म्हणजे किती, काका?"

"सगळे म्हणजे सगळे. मी, ही, पोरगा, सून आन ही दोन बारकी."

"काका, आत पोरांनाच सोडतात. मोठ्यांना बाहेर खुर्च्या आहेत."

"मग आम्ही बाहेर बसतो की. आम्ही काय उड्या माराय येतोय व्हय?"

दोन मुलं, चार चहा, असं लिहून घेतलं.

एका आईनं मात्र सरळ नाही सांगितलं. सांगलीला दिराच्या मुलीचं लग्न. डिसेंबरातला रविवार, लग्नसराई, ते धरूनच चालायचं असतं. तिनं कारण एका वाक्यात सांगितलं, दिलगिरीचा पाढा लावला नाही, आणि मुलीकडून आवाजाचा मेसेज पाठवला : "मी लग्नाला जाणार आहे, सोमवारी मला केक ठेव." आमच्या पोरीनं तो मेसेज घरात येईल त्याला ऐकवला. नाही म्हणणारी ही एकटीच घरात सगळ्यांच्या लक्षात राहिली.

फोन केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. गप्प बसणारा प्रत्येक जण बेफिकीर नसतो. शिरोलीला फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला जाणारा एक बाप, ग्रुपमध्ये नंबर त्याचा. त्यानं मेसेज बघितला, रात्री बारा-साडेबाराला घरी आला, सकाळी बायको शेतावर. तिच्यापर्यंत निमंत्रण पोचलंच नव्हतं. एकीला वडणग्याहून यायचं होतं, जाताना रविवारी संध्याकाळी के.एम.टी. मिळेल की नाही याची धास्ती, पण ते सांगायला जीव धजत नव्हता. माझ्या मेहुण्याची गाडी त्याच वाटेनं जाणार होती, प्रश्न मिटला. आणि एक आई बराच वेळ ‘बघते, बघते’ म्हणत राहिली. शेवटी हळूच विचारलं, "भेट काय आणायची असते हो तिथं?" कार्डावर ‘भेटवस्तू आणू नये’ लिहिलं होतं. पण ‘कृपया आहेर आणू नये’ आपण लग्नाच्या पत्रिकेतही वाचतो आणि तरी खिशात पाकीट घालूनच जातो, तेव्हा तिनं तरी ते खरं का मानावं? मी म्हटलं, आम्ही आणलेली घेणारच नाही, दारातच परत देणार, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पोरगं रविवारी पहिलं येऊन उभं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी हॉलवाल्याला अठरा सांगितले. पक्के सोळा होते, दोन अंदाजानं वाढवले. पिशव्या एकवीस बांधल्या. त्यात खडू आणि चित्रांची वही, उरली तरी घरात खपतात.

प्रत्यक्षात आली एकोणीस. पक्कं सांगितलेल्यांतली दोन आली नाहीत. त्यातल्या एकीच्या आईनं सकाळी आठलाच फोन केला, ताप आहे. दुसरं घर अजून काही बोललेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. त्या अंगठेवाल्या बापानं पोराला आणलं आणि बरोबर त्याचा चुलतभाऊही, म्हणजे अंगठ्याचा अर्थ ‘दोघं येतो’ असा होता. उत्तर न देता आणखी दोघी-तिघी आल्या. एक तर गाडीतून उतरताच म्हणाली, "मी कळवायचं राहिलं की हो!" आणि सोबत पोरगी माझ्याकडं बघत उभी. अशा वेळी दारात यजमानाचं एकच काम, "या, या, बरं झालं आला." पोरासमोर हिशोब काढायचा नाही. त्याला काय माहीत आईनं मेसेजला उत्तर दिलं का नाही? मोज्यांचा एक जोड कमी पडला, हॉलवाल्यानं कुठूनतरी काढून दिला आणि माझ्याकडं एकदा बघितलं.

या सगळ्या आकडेमोडीतून जी कमाई झाली ती ही की, नंतर आमच्याकडं निमंत्रणं यायला लागली तेव्हा घरात उत्तर देण्याची एक पद्धत पडली. निमंत्रण आलं की आधी पोरीला विचारायचं, मग भिंतीवरचं कॅलेंडर, आणि त्याच रात्री उत्तर. ज्यानं बोलावलंय त्यालाच, ग्रुपवर नाही, कारण तिथं कुणाला बोलावणं नसतं ते आपल्याला माहीत नसतं. नक्की नसेल तर ‘बघतो’ म्हणून सोडायचं नाही, ‘शुक्रवारी रात्री नक्की सांगतो’ असं म्हणायचं, आणि शुक्रवारी रात्री सांगायचं. भावंडाला आणू का हे आपण विचारायचं नाही, असं बायकोचं मत, कारण समोरच्याला नाही म्हणता येत नाही. कार्डावर एकाच पोराचं नाव असेल तर एकच जायचं. माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडं धाकटं मूल घरात रडत ठेवून जाणं कुणाला जमत नाही, तेव्हा विचारा, पण ‘नको’ म्हटलं तरी चालेल असं स्वतःहून आधी सांगून. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

माझी पहिली काही उत्तरं बायकोला पसंत पडली नाहीत. "एक मूल, चार वाजता, परत साडेसहा, तिखट कमी. हे काय, माल पाठवतोयस?" तेव्हापासून पहिली ओळ ती सांगते. "बारकी आतापासून दिवस मोजतेय" किंवा असलंच काहीतरी, जे खरं असेल तेच. त्याखाली माझं. आणि जायचं नसेल तर "या वेळी जमत नाही, वाढदिवस छान होऊ दे" एवढंच, वर पोरीचा आवाज. एका मुलाच्या वाढदिवसाला ती नको म्हणाली, तो तिचे केस ओढतो. ते त्याच्या आईला वाढदिवसाच्या उत्तरात सांगायची गोष्ट नव्हे. ‘जमत नाही’ हे खोटंही नव्हतं.

मध्ये आईला शेजारच्या बारशाचं बोलावणं आलं. दारातून बाई वळत होती तेवढ्यात आई आतून ओरडली, "मी आन नात, दोघीच येतो गं! सून न्हाई, तिला गडहिंग्लज हाय!" मी काही बोललो नाही.

परवा फुलेवाडीच्या आजोबांचा फोन आला. नातवाचा वाढदिवस, हॉल-बिल काही नाही, घरात, रविवारी रात्री, मटण. मी लगेच सांगितलं, "काका, आम्ही तिघं येतो. आठपर्यंत पोचतो."

"तिघं? आन म्हातारीला कुठं ठेवताय? चूलबंद सांगतोय न्हवं मी!"

"मग चार धरा."

"आता कसं!" म्हणाले. फोन ठेवायच्या आधी परत आवाज आला, "आन ऐका, बारकीला तिखट चालतंय का? का आळणी काढून ठेवू?"